दोन रविवारांत पुढचे टायर संपले. दोष कुणाचा? (इंदूर, ऑटोक्रॉस)

रामबागी
रविवार, रात्री १०:५२

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज खिशाला चटका बसला म्हणून लिहायला बसलोय.

गाडी बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. पुढची चाकं ओढणारी आणि बाबांच्या नावावर. टायर १८५/६५ आर १५, साधे घरगुती. पुढची जोडी दिवाळीत नवी टाकली. त्यानंतर शहरात तीनेक हजार किलोमीटर आणि बायपासपलीकडच्या एका काँक्रीटच्या यार्डात ऑटोक्रॉसचे (शंकू, म्हणजे कोन, मांडून आखलेल्या वळणांतून एकेकाने घड्याळ लावून गाडी पळवायची) दोन रविवार. बस. दर रविवारी आठ रन, एकेक रन मिनिटाच्या आतला. म्हणजे सगळी मिळून पंधरा-सोळा मिनिटांची मजा.

आज घरी येऊन टायर नीट पाहिले. डाव्या पुढच्या टायरची खोली आतल्या खाचेत ५.८ मिलिमीटर, मधल्या खाचेत ५.५ आणि बाहेरच्या खाचेत ३.९. बाहेरच्या कडेचे ठोकळे जुन्या वहीच्या कोपऱ्यांसारखे मुडपलेत आणि त्यांना रबराचे केस लोंबतायत. घासल्याच्या खुणा पार साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूवरच्या, अक्षरांपर्यंत. उजवा इतका वाईट नाही. मागचे दोन्ही नव्यासारखे. परवा आई मावशीला घेऊन खजराण्याच्या गणपतीला गेली होती, येऊन म्हणाली, "गाडी घूं घूं करतेय, दाखवून घे." तिला कारण सांगितलेलं नाही.

आजच्या वेळा: ५८.४, ५७.१, ५७.३, ५७.९, आणि त्यानंतर ५८ च्या खाली आलोच नाही. टायर मात्र शेवटपर्यंत मस्त किंचाळत होते, बघे टाळ्या वाजवत होते.

हवा पुढे-मागे ३०, दारावरच्या पट्टीवर आहे तीच. दुकानात म्हणाले सॉफ्ट टायर घ्या. मित्र म्हणतो नायट्रोजन भर. पंक्चरवाला म्हणतो, "भिया, गाडी सीधी चलाया करो." कुणाचं ऐकू?

फुकटसल्ला
रविवार, रात्री ११:०५

पंक्चरवाल्याचं.

फुकटसल्ला
रविवार, रात्री ११:०९

आणि "संपले" कुठे? कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतात. खाचेच्या तळाशी रबराच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना ठोकळे टेकले की संपले समजायचं. तुझ्याकडे अजून दोन मिलिमीटर आहेत. नाचता येईना, अंगण वाकडं. हलके घ्या.

स्टॉपवॉच
सोमवार, सकाळी ७:२०

धागाकर्त्याला मी ओळखतो, कारण दुसऱ्या वळणावर झेंडा घेऊन उभा राहणारा इसम मीच. त्याबद्दल नंतर बोलू. आधी चार प्रश्न.

हवा थंड टायरमध्ये मोजलीस की यार्डात पोचल्यावर? कुठल्या गेजने? टायर कुठल्या आठवड्यात बनलेत? (साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा.) आणि अलाइनमेंट शेवटचं कधी केलंस?

रामबागी
सोमवार, सकाळी ९:४८

दादा, तुम्हीच का ते! तुमची टोपी ओळखीची झालीये.

हवा पेट्रोल पंपावर भरली, निघताना. टायर दहा महिन्यांपूर्वीचे, म्हणजे ताजे. अलाइनमेंट... नवे टायर टाकले तेव्हा दुकानवाल्याने "केलंय" म्हटलं होतं. कागद दिला नाही, मीही मागितला नाही.

मुरूमखाऊ
सोमवार, दुपारी १:१५

आमच्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की मुरूम. काँक्रीटवर कोन मांडून खेळणं हा शहरी लोकांचा बुद्धिबळ. तरी लिहितो, कारण इंदूरमध्येही मैदानावरचे इव्हेंट होतात आणि हा मुलगा कधीतरी तिथे जाणार.

मुरमावर टायर असा झिजत नाही. तिथे तो कापला जातो. ठोकळ्यांचे तुकडे उडतात, खडा साइडवॉलला चीर पाडतो. आणि ग्रिपचं गणितही उलटं. काँक्रीटवर रबराला पृष्ठभाग धरायचा असतो, मुरमावर वरची भुसभुशीत माती बाजूला सारून खालच्या कडक थरापर्यंत पोचायचं असतं. म्हणून तिथे अरुंद टायर पुष्कळदा रुंद टायरपेक्षा बरा. ठोकळे खोल, मधे मोकळी जागा, कडा धारदार. अर्धा झिजलेला रस्त्याचा टायर कोरड्या डांबरावर नव्यापेक्षा चांगला धरतो, कारण ठोकळे आखूड झाले की कमी डुलतात. मुरमावर तोच टायर साबणाची वडी.

त्यातून माळव्याची काळी माती. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांनी मैदान वरून सुकलेलं दिसतं, पण पहिल्याच वळणावर खालचा चिखल खाचांत असा भरतो की टायर गुळगुळीत लाटणं होतं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि बुटाला चिकटली की किलोभर वजन वाढवते, तशीच टायरलाही चिकटते. अशा वेळी ना हवा कामाची ना रबर. मी सरळ गाडी ट्रेलरवर चढवतो आणि भजी खातो.

अवांतर: आपल्याकडचं रबर हलकं असतं असं कुणी म्हणालं तर सांगा, २०२२ ची युरोपियन रॅली चॅम्पियनशिप एमआरएफच्या टायरवर जिंकलेली आहे. अर्थात ते टायर रामबागींच्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाहीत.

बडोद्याची_लेक
सोमवार, रात्री ९:३०

मी आणि नवरा एकच गाडी दोघांत चालवतो, म्हणजे त्या बिचाऱ्या टायरना विश्रांती नाहीच. त्यामुळे हे सगळं भोगून झालंय.

रामबागी, एक खडू घे. शाळेतला, पांढरा. पुढच्या टायरवर तीन जागी, रस्त्याला टेकणाऱ्या भागापासून साइडवॉलवर दोन-तीन इंच खाली येईल अशी जाड रेघ ओढ. साइडवॉलच्या वरच्या टोकाशी, जिथे खांदा सुरू होतो, तिथे छोटा त्रिकोण सापडेल. बऱ्याच टायरवर असतो, झीजपट्टी कुठे आहे ते दाखवायला. एक रन मार आणि उतरून बघ खडू कुठपर्यंत पुसलाय. त्रिकोणाच्या टोकापाशी थांबला असेल तर ठीक. खाली अक्षरांपर्यंत गेला असेल तर टायर कुशीवर झोपतोय, हवा कमी आहे. त्रिकोणाच्या बऱ्याच वर राहिला तर हवा जास्त झाली, खांदा कामालाच लागत नाहीये.

तुझ्या खुणा अक्षरांपर्यंत आहेत, म्हणजे खडूची गरजही नाही. दारावरच्या पट्टीवरची हवा ही चार माणसं, सामान, खड्डे, आराम आणि मायलेज या सगळ्यांचं भलं बघून ठरवलेली असते. यार्डात एकटा बसून गाडी पूर्ण जोराने वळवणाऱ्यासाठी नाही. आमची गाडी जवळपास तुझ्यासारखीच, आम्ही पुढे ३७-३८ पासून सुरुवात करतो. साइडवॉलवर जो कमाल आकडा छापलेला असतो त्याच्या वर काहीही झालं तरी जायचं नाही, आणि गरम झाल्यावर हवा वाढते हे धरूनच भरायची. परत निघताना आठवणीने पट्टीवरच्या आकड्यावर आणायची. ३८ वर घरी आलो तर सासूबाई लगेच म्हणतात, "बैलगाडीत बसलेय का मी?"

दुसरं म्हणजे तिसऱ्या रननंतर वेळ बिघडणं. रस्त्याचे टायर तापले की आधी बरे धरतात, मग वरचा थर मऊ पडून सरकायला लागतो. आम्ही झाडांवर औषध मारायचा पाच लिटरचा हातपंप ठेवतो (अर्थात नवा, औषध न भरलेला!). रन संपला की पुढच्या दोन्ही टायरवर पाण्याचा फवारा, गाडी दोन फूट पुढे ढकलून उरलेल्या भागावर. पहिल्यांदा लोक हसले. आता बारी लावून पंप मागतात.

रामबागी
सोमवार, रात्री १०:१२

ताई, खडूची आयडिया भारी. आणि सगळ्यांना एक गंमत. आज एका मित्राकडून डिजिटल गेज आणला आणि सकाळी गाडी न हलवता मोजलं. पंपावर ३० भरलेली हवा: डावा २६.५, उजवा २७. पंपावर पोचेपर्यंत टायर गरम झाले होते, हे आत्ता लक्षात येतंय.

फुकटसल्ला
सोमवार, रात्री १०:२०

घ्या. अंगण खरंच वाकडं निघालं. शब्द मागे घेतो, अर्धे.

टायरवाला_निवृत्त
मंगळवार, सकाळी ६:४०

नमस्कार. रबर मिसळण्याच्या खात्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. आता सुदामानगरात नातवंडं सांभाळतो. मोबाइलवर टंकतोय, चुका पोटात घाला.

हवा आणि तापमानाचा हिशेब सोपा आहे. साधारण सहा अंश सेल्सिअसला एक पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजतात ते माप). टायर पहाटेच्या मानाने अठरा-वीस अंशांनी तापलेला असेल तर गेज तीन-साडेतीन जास्त दाखवतो. तुमचे ३० आणि २६.५ यांतलं अंतर इथेच भरून निघालं. पंपाचा गेज चुकत असेल तर ते वेगळं.

आता सॉफ्ट टायरबद्दल. ग्रिप म्हणजे काय हे आधी पाहू. शाळेत शिकवतात की घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नसतो. लाकडाच्या ठोकळ्याला हे चालतं, रबराला नाही. रबर दोन प्रकारे धरतं. एक, पृष्ठभागाला अगदी जवळून चिकटतं. दोन, काँक्रीटच्या बारीक खड्यांवर दाबलं जातं आणि लगेच पूर्ववत होत नाही, त्या उशिरातून विरोध तयार होतो. मऊ रबर दोन्ही जास्त करतं. पण मऊ रबर फाटतंही लवकर. धरणं आणि टिकणं ही एकाच पिशवीतली साखर आहे. एका पोह्यांत जास्त घातली की दुसऱ्यात कमी पडते. रबरात सिलिका (वाळूच्या जातीची बारीक भुकटी) मिसळायला लागल्यापासून ही भांडणं थोडी मिटली, पूर्ण नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट. रबरावर वजन दुप्पट टाकलं तर ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. समजा तुमच्या पुढच्या प्रत्येक चाकावर ३०० किलो आहेत आणि टायर तेवढ्याच किलोंचा जोर धरतो. दोन्ही मिळून ६००. वळणात १५० किलो आतल्या चाकावरून बाहेरच्यावर गेले. बाहेरचा ४५० किलो वाहतोय पण धरतोय समजा ४१८, आतल्यावर १५० आहेत आणि तो धरतोय १५९. बेरीज ५७७. वजन तेवढंच, तेवीस किलोंची ग्रिप हवेत गेली. आणि तो बाहेरचा टायर एकटा तीन माणसांचं काम करतोय: वळवणं, ओढणं, थांबवणं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागचे टायर नव्यासारखे राहणारच, ते नुसते पाहुणे म्हणून आलेले असतात.

कागदावरचा हिशेब करा. पुढच्या एका चाकावर २९० किलो, हवा ३० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला तर १३८ चौरस सेंटीमीटर. तुमच्या तळहाताएवढी जागा. हवा कमी करून ती वाढवता येते असं वाटतं, पण वळणात टायर कुशीवर गेला की वाढलेली जागा साइडवॉलकडे सरकते आणि आतला अर्धा भाग उचलला जातो. तुमचा आतला ५.८ हेच सांगतोय.

तापलेला टायर थंड होतो, पुन्हा तापतो, अशा प्रत्येक फेरीत रबर थोडं कडक होत जातं. त्यातली तेलं बाहेर येतात, गंधकाचे बंध वाढत जातात. म्हणून जुना टायर खाचा भरपूर असूनही धरत नाही. आमच्याकडे शोर नावाच्या मापाचं यंत्र होतं, घरी नख पुरतं. नव्या टायरच्या ठोकळ्यात अंगठ्याचं नख रुतवा आणि मग तुमच्या मागच्या, जुन्या टायरमध्ये. फरक जिभेला नाही, नखाला कळेल.

मुरूमखाऊ
मंगळवार, सकाळी ८:०२

+१. वाचनखूण साठवली. काका, तुम्ही इतकी वर्षं कुठे होतात?

रामबागी
मंगळवार, सकाळी ९:१५

काका, नख रुतवून आलो. मागचे टायर पाच वर्षांचे आहेत, दगड झालेत. मग ट्रेडवेअर म्हणून जो आकडा असतो, तो बघून टायर घ्यावा का? अमेरिकेत ऑटोक्रॉसवाले २०० चा टायर घेतात असं वाचलं.

टायरवाला_निवृत्त
मंगळवार, सकाळी १०:३०

तिकडच्या क्लबांत रस्त्याच्या टायरच्या वर्गासाठी किमान २०० अशी अट असते, म्हणजे त्याहून मऊ चालत नाही. म्हणून सगळे बरोबर २०० वर येऊन उभे राहतात. तो आकडा येतो कसा तेही सांगतो. अमेरिकेतल्या एका ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल, म्हणजे सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर, टायर चालवतात आणि प्रमाण टायरशी झीज ताडतात. प्रमाण टायरला १०० धरलं, तर ३०० म्हणजे तिप्पट टिकाऊ. पण अंतिम आकडा कंपनी स्वतःच छापते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला बरा, दोन कंपन्यांत नाही. आणि तो झिजेचा आकडा आहे. ग्रिपचा अंदाज त्यावरून बांधायचा, खात्री नाही.

आपल्याकडे २०२२ च्या नियमाने टायरना ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळण्याचा विरोध आणि आवाज यांची किमान मर्यादा लागू झाली. तीही तुमच्या कोरड्या काँक्रीटच्या यार्डाबद्दल काही सांगत नाही.

फुकटसल्ला
मंगळवार, सकाळी १०:४१

आणि नायट्रोजन?

टायरवाला_निवृत्त
मंगळवार, सकाळी १०:४४

साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. फुकट मिळतो. खरा त्रास हवेतल्या ओलाव्याचा, तोही स्पर्धेच्या बारीक हिशेबात. तुमची हवा साडेतीनने चुकतेय तोवर नायट्रोजनचं नाव काढू नका.

स्टॉपवॉच
मंगळवार, रात्री ९:५०

आता माझं दुसरं वळण.

सगळे हवेबद्दल, रबराबद्दल बोलले, बरोबरच बोलले. पण मी तिथे चार तास उन्हात उभा होतो आणि पुढची चाकं माझ्यापासून पंधरा फुटांवर होती. त्या वळणाची त्रिज्या साधारण दहा मीटर. तुमचा रस्त्याचा टायर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८५ पट बाजूचा जोर धरतो असं धरा, चांगला आकडा आहे. दहा मीटरच्या वळणात त्याने तासाला ३३ किलोमीटर निघतात. ३८ ने जायचं असेल तर १.१४ पट धरणारा टायर पाहिजे. रामबागी दरवेळी ३८ च्या आसपास येत होता, स्टिअरिंग पूर्ण फिरवत होता, आणि गाडी कोनाकडे सरळ चालली होती.

अशा वेळी टायरचं काय होतं? चाक जिकडे बघतंय आणि गाडी जिकडे चाललीय त्यातल्या फरकाला स्लिप अँगल म्हणतात. रस्त्याच्या टायरला सहा ते दहा अंशांच्या दरम्यान सर्वात जास्त ग्रिप मिळते. त्यापुढे स्टिअरिंग कितीही फिरवा, ग्रिप वाढत नाही, उलट थोडी घटते. वाढते ती फक्त घासाघीस. हा मुलगा पंधरा-वीस अंशांवर बसून वाट बघत होता गाडी कधी वळेल याची. गाडी वळायची, पण तोवर वेग आपोआप ३० वर आलेला असायचा. तो वेग ब्रेकने कमी करायला हवा होता. तो बाहेरच्या खांद्याने केला, दर रनला, दर वळणाला. ३.९ मिलिमीटर हे त्या बिलाचं उरलेलं सुटं.

आवाजाबद्दलही. टायर बोलतो तेव्हा चिकटतो-सुटतो, चिकटतो-सुटतो. ग्रिपच्या शिखरापाशी तो गुरगुरतो, मांजर मांडीवर बसल्यासारखा. किंचाळला म्हणजे शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर गेलास. टाळ्या बघ्यांच्या होत्या. घड्याळ माझ्याकडे होतं.

फुकटसल्ला
मंगळवार, रात्री ९:५८

म्हणजे माझे अर्धे शब्द परत मिळाले.

रामबागी
मंगळवार, रात्री ११:३०

दादा, लागलं. पण खरं आहे. व्हिडिओ बघितला, स्टिअरिंग फिरवून मी खरोखर वाट बघतोय.

बडोद्याची_लेक
बुधवार, सकाळी ८:१०

मनाला लावून घेऊ नकोस, आम्ही सगळे तिथूनच आलोय. सराव मात्र यार्डातच. आमच्याकडेही काही दिवटे रिंगरोडवर रात्री "सराव" करतात, तुमच्याकडे सुपर कॉरिडॉरवर करत असतील. त्यांना कोनही नसतो आणि घड्याळही, फक्त समोरून येणारं दूधवाल्याचं वाहन असतं.

रामबागी
शनिवार, सायंकाळी ६:२५

अपडेट. आज एका दुसऱ्या ठिकाणी अलाइनमेंट करून घेतलं, या वेळी आधीचा आणि नंतरचा दोन्ही कागद घेतले. पुढची चाकं बरीच आत वळलेली निघाली, म्हणजे टो-इन. बाहेरच्या कडा त्यानेही खाल्ल्या असणार, आणि घूं घूं पण त्याचंच. मेकॅनिकने शिकवलं ते सांगतो: ठोकळ्यांवरून तळहात आतून बाहेर फिरवला तर करवतीसारखं लागत होतं, बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत. असं असेल तर टो-इन जास्त. उलटं लागलं तर टो-आउट. टायर माझ्याजवळ पाच महिने होते, मी एकदाही हात फिरवला नव्हता.

कॅम्बर (समोरून बघताना चाक किती कललंय ते, उणे म्हणजे वरून आत) डावा उणे ०.२, उजवा उणे ०.५. "इस गाडी में कैम्बर नहीं होता भिया," असं तो म्हणाला. खरंच होत नाही का?

मुरूमखाऊ
शनिवार, रात्री ८:४०

कंपनीने सोय दिलेली नसते हे खरं. स्ट्रटच्या (पुढच्या चाकाला धरणारा शॉक अब्सॉर्बरचा खांब) वरच्या बोल्टऐवजी विषम गोलाईचा कॅम्बर बोल्ट बसवला तर एक-दीड अंश मिळतो. वळणात गाडी कलते तेव्हा बाहेरचं चाक वरच्या बाजूने बाहेर झुकतं, म्हणून उभं असताना ते थोडं आत झुकलेलं ठेवायचं, की ऐन वळणात सपाट टेकेल. बोल्ट चांगल्या प्रतीचाच घे आणि ठरलेल्या टॉर्कने घट्ट करून घे. भोक कानशीने लांब करून देणारे शूरवीर भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. आणि कॅम्बर बदलला की टो बदलतो, म्हणजे अलाइनमेंट परत.

पण आधी हात सुधार. बोल्ट कुठे पळून जात नाहीत.

टायरवाला_निवृत्त
रविवार, सकाळी ७:०५

तुमचे टायर दिशेचे आहेत का? साइडवॉलवर फिरण्याचा बाण किंवा "आउटसाइड" असं लिहिलेलं आहे का? दोन्ही नसेल तर नक्षी दोन्हीकडून सारखी असते. तसे टायर रिमवरून काढून उलटे बसवता येतात, म्हणजे खाल्लेला खांदा आत आणि ५.८ वाला बाहेर. बॅलन्सिंग पुन्हा करायचं. नवी जोडी घेण्याआधी एवढं करून बघा. ठोकळ्यांत तारा दिसत असत्या किंवा चीर असती तर हे सांगितलं नसतं.

रामबागी
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१०

परत आलो. बाण नव्हता, काही लिहिलेलंही नव्हतं. काकांच्या सांगण्यावरून दोन्ही टायर उलटे बसवून घेतले. पंक्चरवाल्याने आधी मला वेड्यात काढलं, मग आतला खांदा बघून स्वतःच म्हणाला, "अरे, ये तो नया पड़ा है."

आज सकाळी आठला घरून निघण्याआधी पुढे ३७, मागे ३८. खडू लावला. पहिल्या रननंतर उजवीकडे खडू बरोबर त्रिकोणाच्या टोकाशी, डावीकडे त्याच्या अर्धा इंच खाली. तीन रननंतर दोन्ही ४१ वर गेले होते, दोन-दोन सोडले. पंप घरी झाडांना पाणी घालायचा होता तोच नेला, बाबांनी विचारलं कशाला, म्हटलं गाडी धुवायला. खोटं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या वळणाला ब्रेक आधी मारायचा हे ठरवून गेलो होतो. पहिल्या दोन रनला इतका आधी मारला की गाडी जवळजवळ थांबलीच. तिसऱ्याला बरोबर बसला. टायर फक्त गुरगुरला, आणि मला वाटलं मी अगदीच हळू गेलो. उतरून बोर्डावर बघितलं तर दिवसाचा माझा सर्वात चांगला रन तोच होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

वेळा इथे देत नाही, कोर्स वेगळा होता, ५६.८ चा काही अर्थ लागणार नाही.

स्टॉपवॉच
रविवार, रात्री ९:४०

अर्थ लावायची रीत आहे. तुझ्या वर्गात पहिला येणारा दोन्ही वेळी तोच, गाडीही तीच. गेल्या वेळी तुझ्यात आणि त्याच्यात ३.२ सेकंद होते, आज १.९. आठव्या रनलाही तू तिसऱ्या रनच्या जवळपासच होतास. गेल्या वेळी शेवटचे चार रन वाया होते.

टायरवाला_निवृत्त
रविवार, रात्री ९:५२

छान. आता खोली मोजून लिहून ठेवा, दर इव्हेंटनंतर, तिन्ही खाचा. एक वही करा.

रामबागी
रविवार, रात्री १०:०५

मोजली काका. डाव्याची बाहेरची ५.७ ची ५.५ झाली, बस. पण उजव्यात काहीच फरक नाही. असं का?

फुकटसल्ला
रविवार, रात्री १०:११

आईला कळलं का?

रामबागी
रविवार, रात्री १०:१३

घूं घूं अजून थोडी आहे, खाल्लेले ठोकळे आता आतून वाजतायत. तिला म्हटलं नवीन अलाइनमेंट बसायला वेळ लागतो.

स्टॉपवॉच
रविवार, रात्री १०:३०

उजवा झिजला नाही कारण दोन्ही कोर्समध्ये उजवीकडची वळणं जास्त होती, आणि उजव्या वळणात काम डाव्याला पडतं. कोर्स मीच आखतो. पुढच्या महिन्यात उलटा लावतोय. उजव्याला खडू लाव.